वाटी संपली

"तोरड्या काढ तिच्या," नाना म्हणाले. "मागच्या रविवारी काढल्या होत्या. आज घालून वजन घेतलं तर फाउल."

मी जुईच्या पायातल्या तोरड्या काढल्या. माझ्या हातातल्या बांगड्याही काढल्या. त्या काढायला मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीचा जो एकच तुकडा सपाट होता, त्यावर नानांनी वजनकाटा मांडला होता. दीड वर्षाची पोर एकटी काट्यावर उभी राहत नाही, म्हणून आमच्याकडे वजाबाकी चालायची. आधी आम्हा दोघींचं मिळून वजन, मग माझं एकटीचं. खाली उरेल ते जुईचं.

मी तिला कडेवर घेऊन चढले. नाना गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"एकोणऐंशी पॉइंट दोन!" त्यांनी गळ्यातली शिट्टी खरोखरच वाजवली. सत्तावीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाले तरी शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. "मागच्या रविवारी अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार. आठशे ग्रॅम वाढ!"

सासूबाई भाकरी तव्यावर टाकून पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "वाढलं? पोरीचं वजन वाढलं?"

"थांब, वजाबाकी व्हायचीये."

मी जुईला सासूबाईंकडे दिलं आणि एकटी काट्यावर उभी राहिले. श्वास सोडून. पोट आत घेऊन. काट्याला पोट दिसत नाही हे मला माहीत होतं, मी केमिस्ट्रीची पदवीधर होते, तरीही.

"एकाहत्तर पॉइंट एक," नाना म्हणाले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "आठ पॉइंट एक. जुई आहे तिथंच आहे."

"मग आठशे ग्रॅम गेले कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघत होते. तिसरी जुई.

वातावरण हलकं करावं म्हणून असेल, नानांनी नातीला उचललं आणि स्वतः काट्यावर चढले. "हे बघ, त्रेसष्ट किलो. तीस वर्षं झाली, इकडचं तिकडं नाही. अधिक जुई... एकाहत्तर पॉइंट एक!"

"म्हणजे तुम्ही आजोबा-नात दोघं मिळून," सासूबाई म्हणाल्या, "आमची शर्वरी एकटी."

त्यांना तसं काही म्हणायचं नव्हतं. नानाही हसले, मीही हसले. आत तव्यावर भाकरी करपली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आम्ही तेव्हा विट्याला सासू-सासऱ्यांकडे राहायचो. नवरा, अभय, पुण्याला नोकरीला. शनिवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी जायचा, आणि या घरातल्या वजनांच्या भानगडीत न पडण्याइतका शहाणा होता.

भानगडी दोन होत्या. एक माझी. बाळंतपणात साखर काठावर गेली ती काठावरच बसून राहिली होती. डॉक्टर तांबोळी बाई म्हणाल्या होत्या, आठ किलो उतरवा, नाहीतर तिशीतच गोळ्या सुरू होतील. दुसरी जुईची. तिच्या फाइलमधल्या तक्त्यावरची रेघ सहा महिने झाले, वर चढायची सोडून आडवी पडली होती. बाईंनी सगळं तपासलं, रक्त तपासलं, लघवी तपासली. काही सापडेना. मग त्यांनी सांगितलं, "तिच्या खाण्याची वही ठेवा. काय दिलं, किती गेलं. पोटात जातंय आणि अंगी लागत नाही असं असेल, तर आतड्याचा काही त्रास आहे का बघावं लागेल. कोल्हापूरला पाठवू. झोपेचं औषध देऊन तोंडातून नळी घालतात, आतड्याचा एवढासा तुकडा काढून तपासतात. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस काय करतो, ते मी केलं. त्या दिवसापासून मला जुई दिसायची ती हिरव्या चादरीखाली, तोंडात नळी घातलेली.

बाईंनी सहा आठवडे दिले होते. त्या रविवारी त्यातले चार दिवस उरले होते.

माझ्या वजनावर घरात दोन पक्ष होते. नानांचा पक्ष व्यायामाचा. "वजन घामानं उतरतं," ते म्हणायचे. पहाटे साडेपाचला दारावर टकटक. शाळेच्या मैदानाला अकरा फेऱ्या. ते झेंड्याच्या खांबाजवळ घड्याळ घेऊन उभे, आणि मी दुपट्टा कमरेला बांधून पळतेय. घरी आलं की चोवीस सूर्यनमस्कार. तेराव्याला माझा वेग मंदावला की "एक साथ!" म्हणून ओरडायचे. मी एकटीच असायचे.

सासूबाईंचा पक्ष आहाराचा. "वजन तोंडानं चढतं, ते तोंडानंच उतरतं. उगाच पळवून लेकीला वाळवताय."

"वाळली असती तर बरंच झालं असतं."

"भूक लागते पळून. पळते कमी आणि खाते जास्त."

"ती काय खाते ते तूच वाढतेस ना? मग?"

"मी एक भाकरी वाढते! भात बंद केलाय, साखर बंद केलीये. गुरुवार आणि एकादशी धरायला लावलीये. तरी तुमच्या फेऱ्यांनी काही होईना, तर दोष माझ्या भाकरीला?"

हा वाद रोज व्हायचा आणि मी मध्ये बसून माझी एक भाकरी आणि कोशिंबीर निमूट खायची. त्यातलं काही खोटं नव्हतं. मी खरंच पळत होते. ताटात खरंच एकच भाकरी असायची. माझीही एक वही नानांनी घालून दिली होती: डाव्या पानावर व्यायाम आणि रविवारचं वजन, उजव्या पानावर 'ताटात वाढलेले'. हे शब्द त्यांच्याच अक्षरातले. त्यात मी एका घासाचीही लबाडी केली नाही.

आणि जुईची वही. तिच्यावर हत्तीचं चित्र होतं. सकाळी नाचणीचं सत्त्व, एक वाटी. पुढे लिहिलेलं: संपलं. दुपारी मऊ भात, तूप, मुगाचं वरण, संपलं. चार वाजता शिरा; संपला. रात्री पुन्हा भात, संपला. पहिले काही दिवस सोडले तर पाच आठवडे हेच, आणि वर मागेल तेव्हा दूध.

सुरुवातीला असं नव्हतं. जुई दोन घास खायची, तिसऱ्याला मान फिरवायची, चौथा फुर्र करून माझ्या अंगावर उडवायची. पहिल्या आठवड्यात एकदा मी उरलेला भात मोरीतल्या बादलीत टाकत होते, आणि सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"पोर उपाशी," त्या म्हणाल्या, "आणि अन्न बादलीत."

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून वाटी रिकामी यायला लागली. पहिली रिकामी वाटी मी मोरीत ठेवली तेव्हा सासूबाईंनी ती उचलून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की त्यांनी तडक जाऊन देवापुढं साखर ठेवली. नानांनी शिट्टी वाजवली. अभयला फोन गेला: जुई जेवायला लागली.

आमच्याकडं घासांना नावं असायची. हा आत्याचा घास, हा मामाचा, हा पुण्याच्या बाबांचा. जुई आजोबांचा घ्यायची, कधी आजीचाही. बाकीचे नातेवाईक वाटीत राहायचे. मी दार लोटून भरवायची. माणसं बघितली की तिचं लक्ष जातं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

एकदा एकादशीला मात्र सासूबाई अचानक आत आल्या. मी उभीच होते, हातात वाटी, तोंडात आत्या.

"उपास ना गं तुझा?" त्या म्हणाल्या.

मी घास घाईनं गिळला. त्यांनी एक क्षण वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "असू दे. लेकराच्या उष्ट्यानं आईचा उपास मोडत नाही."

आणि निघून गेल्या. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. मी तर मनाशी पुढचा हिशोब करून टाकला: देवाला जे चालतं ते काट्याला का चालू नये? उपास मोडत नाही, तर डाएट कसं मोडेल? ते ताटात नव्हतं. ते वाढलेलं नव्हतं. ते मी बसून खाल्लेलं नव्हतं. नानांच्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

गुरुवारी दवाखान्यात सासूबाई माझ्याबरोबर आल्या. नानांनी निघताना दोन्ही वह्या माझ्या पिशवीत घातल्या. "तुझीही दाखव. किती फेऱ्या झाल्यात ते बाईंना कळू दे."

तांबोळी बाई मुलांच्या डॉक्टर. पण गावात आयाही त्यांनाच दाखवायच्या. वय झालेलं, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. त्यांनी जुईला काट्याच्या पाळण्यात ठेवलं. आठ पॉइंट एक. हत्तीची वही उघडली. पानं उलटली. पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"चार वाट्या रोज?"

"हो."

"तुपासकट?"

"हो."

"एवढं तर माझा नातू खात नाही, आणि तो चौथीत आहे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "एवढं खाऊन वजन वाढत नसेल तर मग वेळ घालवायला नको. मी कोल्हापूरला चिठ्ठी देते. सोमवारी घेऊन जा. आदल्या रात्री बारानंतर काही द्यायचं नाही, दूधसुद्धा."

त्यांनी लेटरहेड ओढलं. पेनाचं टोपण काढलं. मी जुईच्या लोकरी मोज्याची नाडी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. माझ्या तोंडात शब्द होते, पण ते जिथं होते तिथंच चिकटून बसले होते, गार झालेल्या मऊ भातासारखे.

बाईंनी तारीख लिहिली. नाव लिहिलं: कु. जुई अभय सुर्वे.

"बाई," सासूबाई म्हणाल्या, "तिची जेवायची वेळ झालीये. डबा आणलाय. इथंच भरवलं तर चालेल? नाहीतर रिक्षात किरकिर करेल."

"चालेल की. भरवा."

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या डब्याचं झाकण उघडण्यात गुंतल्या होत्या. डबा माझ्या हातात दिला, चमचा दिला, आणि जुईला माझ्या मांडीवर नीट बसवलं. बाई पुन्हा चिठ्ठीकडं वळल्या.

"हा आजोबांचा," मी म्हणाले. जुईनं घेतला. "हा आजीचा." घेतला, निम्मा हनुवटीवर. "हा आत्याचा..." जुईनं मान फिरवली.

मग काय झालं ते मी शपथेवर सांगते, मी ठरवून केलं नाही. दवाखाना होता, समोर डॉक्टर होत्या, मला सगळं दिसत होतं. तरीही चमचा जुईच्या गालापाशी एक क्षण थांबला, वळला आणि माझ्या तोंडात गेला. मी तो गिळला. दुसरा भरला, "हा मामाचा," जुईची मान तशीच, आणि मामाही गेला. तिसरा भरून वर बघितलं तेव्हा बाईंचं पेन थांबलेलं होतं.



"दुसरी वही कुठंय?" बाईंनी विचारलं. "तुमची."

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. एका वहीत तरणीताठी बाई एक भाकरी आणि काकडी खाऊन आठवड्याला आठशे ग्रॅम वाढत होती. दुसरीत आठ किलोची पोर रोज चार वाट्या तूपभात रिचवून होती तिथंच होती.

"यांची कव्हरं बदललीत का?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी हत्तीच्या वहीवर बोट ठेवलं.

"इथं 'संपलं' लिहिलंय. संपलं, की तिनं संपवलं?"

"संपलं," मी म्हणाले, आणि मग रडू फुटलं.

त्यांनी मला रडू दिलं. जुईनं तेवढ्यात माझ्या हातातला चमचा घेऊन डब्यावर बडवायला सुरुवात केली. एकदा बडवता बडवता चमच्याला लागलेला भात तिनं चाटला. कुणीही तिला तो कुणाचा घास आहे ते सांगितलं नव्हतं.

"बघा," बाई म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी फाडली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. "एक महिना. भरवायचं बंद. बशीत दोन चमचे ठेवा, हातात चमचा द्या, आणि वीस मिनिटांनी बशी उचला. खाल्लं तर खाल्लं. दूध दिवसाला दोन कप, वर नाही. दुधानंच पोट भरतंय तिचं. आणि वहीत रकाना बदला. 'संपलं' नाही लिहायचं. 'उरलं' लिहायचं. चारशे ग्रॅम वाढली तर कोल्हापूर रद्द. नाही वाढली तर ही चिठ्ठी आहेच."

"आणि माझं, बाई?" मी नाक पुसत विचारलं. "मी अकरा फेऱ्या मारते हो रोज."

"मारत राहा. साखरेला चांगलं आहे, गुडघ्यांना चांगलं आहे, डोक्यालाही. पण अकरा फेऱ्यांत जे जळतं ते एका वाटी तूपभातात परत येतं, आणि तुम्ही चार खाताय. वजन आधी तोंडानं उतरतं. पायांनी ते उतरलेलं राहतं. सासऱ्यांना सांगा, त्यांची शिट्टी बरोबर आहे, पण ती दुसऱ्या डावात."

सासूबाई खुशीत आल्या असतील असं मला वाटलं. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"उरलं ते खायचं कुणी?" त्यांनी विचारलं. "टाकवत नाही हो, बाई."

"ही सोडून कुणीही खा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

रिक्षात जुई झोपली.

"अभयच्या वेळी," सासूबाई एकदम म्हणाल्या, "मी अडुसष्टावर गेले होते. ह्यांनी मलाही ग्राउंडला पळवलं होतं. नऊवारीत. अख्खी शाळा खिडकीत."

"मग?"

"मग काय. अभय शाळेत जायला लागला, डबा तिथं खायला लागला. माझं आपोआप उतरलं. ह्यांना वाटतं पळून उतरलं."

रिक्षा खड्ड्यातून गेली. जुईचं डोकं मी हातानं सावरलं.

"आई, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"लेकरं वाटी एवढी चाटूनपुसून ठेवत नाहीत, शर्वरी. आया ठेवतात."

"आणि ते उपासाचं? उष्ट्यानं मोडत नाही ते?"

"ते कुठल्या पोथीत नाहीये," त्या म्हणाल्या. "ते माझंच."

"मग आधी का नाही बोललात?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "रिकामी वाटी बघून बरं वाटायचं गं. माहीत असून बरं वाटायचं." मग म्हणाल्या, "आणि बादलीचं मी बोलले नसते तर... पण आज त्या चिठ्ठी लिहायला लागल्या, तेव्हा मला राहवलं नाही."

डब्याचं झाकण त्यांच्या मांडीवर होतं. ते त्यांनी आत्ता लावलं.

घरी नानांना सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसला, पण खेळाच्या शिक्षकाला बसतो तसा, दोन मिनिटांचा. लगेच त्यांनी सूत्रं हातात घेतली. "भरवायचं नाही ना? मग मी बसतो समोर. वीस मिनिटं घड्याळ लावून." रोज चार वेळा जुई फरशीवर बशी घेऊन बसायची, समोर नाना मांडी घालून, हातात घड्याळ. वीस मिनिटं झाली की शिट्टी. जुईला शिट्टी इतकी आवडायची की ती वाजेपर्यंत काहीतरी तोंडात घालत राहायची. मी दाराआडून बघायची. माझा हात नुसता शिवशिवायचा. पहिले आठ दिवस जवळजवळ सगळंच उरलं, आणि मी वहीत तसं लिहिलं: उरलं, उरलं, उरलं. तो शब्द लिहिताना दर वेळी हिरवी चादर दिसायची.

महिना संपला; तोवर काटा बाहेर काढायचा नाही असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी तांबोळी बाईंकडं जायचं होतं. काटा मांडला गेला. या वेळी नाना म्हणाले, "तू नको चढूस. तुझं वजन हलतंय, त्यानं वजाबाकीत घोळ होईल. माझं पक्कं आहे. त्रेसष्ट."

जुईच्या तोरड्या मी काढल्या. नाना तिला घेऊन काट्यावर चढले.

"त्र्याहत्तर पॉइंट चार," सासूबाईंनी वाचलं.

"वजा त्रेसष्ट," नाना म्हणाले. "दहा पॉइंट चार!" ओठांशी नेलेली शिट्टी त्यांनी अर्ध्यावर थांबवली. महिन्यात सव्वादोन किलो? माझा आनंद वर यायच्या आतच थिजला. एवढं कुणाचं बाळ वाढतं?

"तुम्ही एकटे चढा," सासूबाई म्हणाल्या.

"माझं कशाला? माझं तीस वर्षं..."

"चढा तुम्ही."

त्यांनी जुईला माझ्याकडं दिलं आणि चढले. सासूबाई वाकल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाकल्या.

"चौसष्ट पॉइंट नऊ."

मी जुईला घट्ट धरून डोक्यातल्या डोक्यात वजाबाकी केली. आठ पॉइंट पाच. पुन्हा केली. आठ पॉइंट पाच. चारशे ग्रॅम. मी तिथंच फरशीवर बसले. जुईनं माझ्या नाकात बोट घातलं.

नाना अजून काट्यावरच होते. "काटा बिघडलाय," ते म्हणाले.

"उरलेलं कोण खात होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"अन्न टाकायचं नाही, तूच म्हणतेस. आणि नातीच्या उष्ट्यानं आजोबाला काय..."

"शिट्टी काढा गळ्यातली," सासूबाई म्हणाल्या. "शिट्टीसकट वजन म्हणजे फाउल."

नानांनी निमूट शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा खाली बघितलं. काटा हलला नाही.

सासूबाईंनी शिट्टी पदरानं पुसली, स्वतःच्या गळ्यात अडकवली, "उद्या साडेपाच, अकरा फेऱ्या," असं म्हणाल्या, आणि गाल फुगवून अशी वाजवली की जुई टाळ्या वाजवत तोंड उघडून बसली.